विश्लेषण : पुनर्विकासातील घराचा नकाशा रहिवाशांनी स्वतः का काढून पाहावा?

चाळीच्या पुनर्विकासाची बैठक गिरगावात असो वा लालबागमध्ये, पहिला प्रश्न ठरलेला असतो : फूट किती मिळणार? आकडा कळला की पुढची चर्चा कॉर्पस, भाडे आणि ताब्याची तारीख यांवर जाते. घराचा नकाशा मात्र माहितीपत्रकातल्या रंगीत चित्रापुरता पाहिला जातो. गंमत म्हणजे याच चाळींत इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात ऑटोकॅड शिकलेली मुले-मुली आहेत, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेले काका आहेत. परीक्षा संपली आणि सॉफ्टवेअरही विस्मरणात गेले. ते पुन्हा हाताशी घेण्यासाठी आपल्या घराच्या नकाशाइतके चांगले निमित्त नाही.

आकडा कळला, मग नकाशा कशाला?

उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’च्या ३३(७) नुसार निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट क्षेत्रफळ मिळते. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर ठरले आहे. आकडे मोठे आहेत, पण ती सगळी जागा वापरता येतेच असे नाही.

२०१६ च्या रेरा कायद्यातील व्याख्येनुसार कार्पेट क्षेत्रफळात बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी धरत नाहीत, पण घराच्या आतल्या भिंती धरतात. समजा, ३०० फुटांच्या घरात साडेचार इंच जाडीच्या आतल्या भिंतींची एकूण लांबी ३० फूट आहे. तेवढ्यात ११ चौरस फूट गेले. तीन फूट रुंद, आठ फूट लांब पॅसेज असेल तर आणखी २४ गेले. अडीच फुटी दरवाजा उघडण्यासाठी सुमारे पाच चौरस फूट मोकळे ठेवावे लागतात, ते वेगळेच. हे सगळे नियमातच आहे, त्यात कोणाची फसवणूक नाही. पण दोन घरांचे क्षेत्रफळ सारखे असूनही एकात कपाट मावते आणि दुसऱ्यात मावत नाही, ते यामुळे.

चाळीतल्या खोलीचा हिशेबही वेगळा आहे. दहा बाय सोळाच्या एकाच खोलीत सकाळी अभ्यास, दुपारी पंगत, रात्री अंथरुणे आणि भाद्रपदात मखर, असे सगळे चालते. नव्या घरात जागा वाढते, पण ती हॉल, बेडरूम, किचन अशी वाटली जाते. आरतीला पंधरा माणसे उभी राहतील का, आजीची कॉट बाथरूमजवळ लागेल का, या प्रश्नांची उत्तरे चौरस फुटांत मिळत नाहीत.

पुन्हा शिकायला किती कठीण?

ऑटोकॅड पहिल्यांदा बाजारात आले १९८२ च्या डिसेंबरमध्ये. तेव्हापासून त्याचे रूप खूप बदलले, पण रेघ मारणे, समांतर रेघ काढणे, जास्तीची रेघ छाटणे ही मूळ कामे तीच आहेत. लाइन, ऑफसेट, ट्रिम आणि एरिया या चार आज्ञा आठवल्या तरी एका खोलीचा नकाशा निघतो.

सुरुवात नव्या घरापासून करू नये. आधी राहती खोली काढावी, कारण ती डोळे मिटूनही ओळखीची असते. चारही भिंती टेपने मोजाव्यात आणि दोन्ही कर्णही मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही, आणि जुन्या इमारतीत हे सर्रास आढळते. एकक एकदाच ठरवावे. मिलिमीटर ठरले तर दहा फूट म्हणजे ३०४८ मिमी. फूट आणि मिलिमीटर एकाच फाइलमध्ये मिसळले की पुढचा सगळा नकाशा चुकतो. भिंती, दरवाजे आणि सामान यांचे लेअर वेगळे ठेवावेत. मग कॉट, फ्रिज, लोखंडी कपाट, देव्हारा घरी मोजून खऱ्या मापाने काढावेत. हेच सामान नंतर नव्या घराच्या नकाशात ठेवून पाहायचे आहे.

सॉफ्टवेअरवर खर्च करावा लागतो का?

ऑटोकॅडचे वार्षिक शुल्क घरगुती कामासाठी परवडणारे नाही. विद्यार्थी आणि शिक्षकांना ते मोफत मिळते, पण ती सवलत केवळ शिक्षणासाठी आहे. साध्या नकाशासाठी लिब्रेकॅड आणि त्रिमितीय कामासाठी फ्रीकॅड ही दोन्ही मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. लिब्रेकॅडला डीएक्सएफ प्रकारची फाइल सोयीची पडते, म्हणून आर्किटेक्टकडे फाइल मागताना डीएक्सएफही मागावी.

पीडीएफच मिळाली तर स्क्रीनवर पट्टी लावून मोजू नये, लिहिलेली मापेच धरावीत. ती मापे प्लास्टरआधीची की नंतरची, हेही विचारावे. दोन्ही बाजूंचे प्लास्टर मिळून खोलीची रुंदी सुमारे इंचभर कमी होते. कपाट भिंतींच्या मधोमध बसवायचे असेल तर हा इंचच महत्त्वाचा ठरतो.

पण बिल्डर ऐकेल का?

हा आक्षेप रास्त आहे. वास्तुविशारद अधिनियम १९७२ नुसार ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणीकृत व्यक्तीलाच लावता येते आणि महापालिकेत नकाशा दाखल होतो तो परवानाधारक तज्ज्ञामार्फतच. कॉलम, शाफ्ट, अग्निसुरक्षा हे विषय हौसेने हाताळायचे नाहीत. शिवाय एका घरातील संडास-बाथरूम हलवले की वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांचे हलवावे लागते. प्रत्येक बिऱ्हाडाने आपापला नकाशा पुढे केला तर इमारत कधीच उभी राहणार नाही.

म्हणूनच घरी काढलेला नकाशा हुकूम म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून न्यावा आणि तो एकट्याने नव्हे, समितीने न्यावा. प्रत्येक मजल्यावर घरांचे दोन-तीनच प्रकार असतात. तेवढे काढून त्यात खरे सामान ठेवून पाहिले की नेमके प्रश्न हाती लागतात : बेडरूमच्या कोपऱ्यातला कॉलम कपाटाच्या आड येतो का? बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जाईल का? पॅसेज फूटभर आखूड करून तो भाग किचनला देता येईल का? ‘घर लहान वाटते’ या तक्रारीला उत्तर देणे टाळता येते. ‘या दोन दरवाजांची पाने एकमेकांवर आपटतात’ या मुद्द्याला आर्किटेक्टला उत्तर द्यावेच लागते.

वेळही महत्त्वाची आहे. ३३(७) खालील प्रस्तावाला किमान ५१ टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते आणि ती एकदा दिली की मागे घेता येत नाही. संमतीपूर्वी समितीच्या शब्दाला जे वजन असते, ते नकाशा मंजूर झाल्यावर उरत नाही. दादरसारख्या भागातील जुन्या सोसायट्यांना तर स्वयंपुनर्विकासाचाही मार्ग आहे. त्याबाबतचा शासन निर्णय १३ सप्टेंबर २०१९ चा आहे. तिथे आर्किटेक्ट सोसायटीच नेमते, त्यामुळे सभासदांना नकाशा वाचता येणे ही चैन नसून गरज आहे.

पुढच्या बैठकीआधी काय करता येईल?

इमारतीतल्या दोघा-तिघांनी मिळून राहत्या खोल्या काढाव्यात, प्रस्तावित घरांचे नकाशे त्याच मापात आणावेत आणि दोन्हींचे प्रिंट शेजारी शेजारी लावावेत. ज्येष्ठ रहिवाशांना सॉफ्टवेअर कळायची गरज नाही. कॉट कुठे लागेल आणि गणपती कुठे बसेल, हे त्यांना कागदावर दाखवले तरी पुरे. संमतीपत्रावर सही करण्याआधी फूट किती, याबरोबरच ते फूट कुठे आहेत हेही प्रत्येक घराला माहीत असायला हवे.