घोकंपट्टीचे वक्ते

आमच्याकडे वक्तृत्व म्हणजे पाठांतर! भाषण लिहिणार गुरुजी, घोकून घेणार आई, बक्षीस चिरंजीवांना. परवा परीक्षक म्हणून गेलो आणि ‘अध्यक्षमहाराज, पूज्य गुरुजनवर्ग’ अकरा वेळा ऐकलं. बाराव्या मुलीनं मात्र स्वतःची कविता म्हटली, नळाच्या रांगेतल्या आईवर. मध्येच अडली, पुन्हा बोलली. मी पैकीच्या पैकी गुण दिले. सहपरीक्षक म्हणाले, “अहो, विषय सोडला की तिनं!” विषय होता ‘पाणी हेच जीवन’!

शिकागोच्या ग्रीन मिल बारमध्ये १९८६ साली काव्याचा ‘स्लॅम’ सुरू झाला. तिथं श्रोत्यांतलेच परीक्षक निवडतात. आम्हीही आमच्या खुर्च्या शाळेच्या शिपायाला द्याव्यात. दाराशी उभा राहून तोच तेवढा डोळे पुसत होता.