सवाबाने थकवा जात नाही

कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्यांना आपला समाज सहज सांगून टाकतो, 'तुमचं काम सवाबाचं.' शेजारचे हिंदू बांधव त्यालाच पुण्य म्हणतात. मला या कौतुकाचाच राग येतो. कौतुक केलं की त्यांचं गाऱ्हाणं ऐकायची गरज उरत नाही.

हा थकवा येतो कुठून? बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरात खुणांची भाषा कुणालाच येत नाही. मूल शाळेत येतं ते भाषेविनाच. शिक्षिकेने आधी भाषा द्यायची, मग गणित शिकवायचं, शिवाय श्रवणयंत्रं तपासायची. तिलाही ही भाषा नीट शिकवलेली नसते. १८८० च्या मिलान परिषदेने खुणांपेक्षा उच्चार श्रेष्ठ ठरवले. पुढे आपल्या शाळांतही बोलण्यावरच भर राहिला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खुणांची भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, नेमायला सांगितलं आहे. कर्णबधिर सहकारी शेजारच्या वर्गात असणं हा खरा आधार. तो न देता आपण तणावमुक्तीची शिबिरं भरवतो आणि वर 'सब्र करा' म्हणतो.

सब्र संकटात करायचा असतो. दुसऱ्यांच्या हलगर्जीपणावर पांघरूण घालायला तो नाही.

वांद्र्याच्या संस्थेला अली यावर जंग यांचं नाव आहे, याचा आपल्याला अभिमान. मग मोहल्ल्यातल्या जमातखान्यात आईबापांसाठी खुणांच्या भाषेचा वर्ग का भरत नाही? तो भरवा. सवाब त्यातही आहे.