नववीची सावली

दहावीचा निकाल लागला की ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील घराघरांतून एकच हिशेब मांडला जातो. माटुंग्याचे रुईया, मुलुंडचे वझे-केळकर, ठाण्याचे जोशी-बेडेकर, की कल्याणचे बिर्ला: यांपैकी कोणाचे दार उघडेल? अकरावीची केंद्रीय प्रवेशपद्धती दहा पसंतीक्रम मागते आणि गुणांच्या अपूर्णांकावर निवाडा देते. तरीही तिच्या ठायी थोडी दया आहे. उत्तम पाच विषयांचेच गुण धरले जात असल्याने एखाद्या विषयातील अपयश झाकले जाते आणि मागील इयत्तांचे गुण कोणी विचारीत नाही.

हा दंडक २०२१ साली मोडला. महामारीमुळे शालान्त परीक्षा रद्द झाली आणि प्रत्येक विषयातील शंभरांपैकी पन्नास गुण नववीच्या निकालावरून देण्यात आले. नववीत असताना आपण दहावीचीच परीक्षा देत आहोत, याची त्या मुलांना सुतराम कल्पना नव्हती. अकरावीसाठी योजलेली सामाईक प्रवेश परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १० ऑगस्टला रद्द ठरविली. शासनाची अडचण खरी होती. पण नववीत रेंगाळून दहावीत कंबर कसणाऱ्या मुलाचे कष्ट बऱ्याच अंशी वाया गेले, हेही तितकेच खरे.

जे आपत्काली घडले ते आता नित्याचे व्हावे काय? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या ‘परख’ केंद्राने २०२४ साली अशी शिफारस केली की, बारावीच्या निकालात नववीला १५, दहावीला २०, अकरावीला २५ आणि बारावीला ४० टक्के वजन असावे. एकाच परीक्षेचा जीवघेणा भार हलका करावा हा तिच्यामागील हेतू स्तुत्य आहे. परंतु साधे गणित करून पाहावे. नववीत ऐंशीऐवजी पन्नास टक्के मिळविणारा विद्यार्थी अंतिम निकालात साडेचार टक्क्यांनी मागे पडेल. वैद्यक व अभियांत्रिकीसाठी स्वतंत्र परीक्षा आहेत. परंतु कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या नामांकित महाविद्यालयांत बारावीच्या गुणांवर यादी लागते. तेथे साडेचार टक्के म्हणजे दार बंद.

शिवाय नववीची परीक्षा ज्याची त्याने घ्यायची. एका शाळेचा हात सढळ, दुसरीचा आखडता. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. नववीत मागे पडलेली मुले पुढे कशी झेप घेतात, हे फळ्यासमोर उभे राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक असते.

शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. ती स्वीकारावयाची झाल्यास राज्य शासनाने तीत एक कलम अवश्य घालावे: बारावीचे स्वतंत्र गुण अधिक असतील, तर तेच ग्राह्य धरावेत. चौदाव्या वर्षी अडखळलेल्या मुलाला सावरण्यास तीन वर्षे मिळतात. त्याने ती सत्कारणी लावली, तर त्याचे श्रेय त्याच्या पदरात पडलेच पाहिजे.