हवेची बंदूक आणि घरगुती कारागिरी

ब्रिटनमध्ये हवेच्या बंदुकीने नेमबाजी करणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग आहे. त्यांतील अनेकजण सुटीच्या दिवशी आपली बंदूक टेबलावर उघडून बसतात; कधी स्प्रिंगचा ताण बदलतात, कधी झडप साफ करतात, आणि छर्‍याचा वेग वहीत टिपून ठेवतात. या उद्योगाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एका मते हा निरुपद्रवी छंद आहे व सरकारने त्यात नाक खुपसू नये. दुसऱ्या मते शस्त्रात घरी फेरफार करणे हाच मुळी गुन्हा मानला पाहिजे. वस्तुतः दोन्ही पक्षांनी त्या टेबलावर नेमके काय चालते हे नीट पाहिलेले नाही.

आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी बंदूक ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनीने बनविलेली अशी बंदूक प्रत्यक्ष वापरली होती. आजच्या बंदुकीत नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारणपणे २०० बार दाबाची हवा भरतात. चाप ओढला की स्प्रिंगने ढकललेली लहानशी हातोडी झडपेवर आदळते, झडप क्षणभर उघडते आणि सुटलेली हवा छर्‍याला पुढे ढकलते. सिलिंडर पूर्ण भरलेले असताना आतील दाबच झडपेला घट्ट मिटून धरतो. त्यामुळे ती कमी वेळ उघडते आणि छर्‍याचा वेग कमी राहतो. हवा खर्च होऊन दाब उतरू लागला की वेग वाढतो, काही काळ स्थिर राहतो व पुढे घसरतो. या मधल्या स्थिर टप्प्यात जास्तीत जास्त छर्रे बसविणे, हे घरगुती जुळणीचे खरे प्रयोजन होय. ज्या बंदुकीत दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर असतो, तिच्यातही त्याचा दाब आणि हातोडीचा ताण यांचा मेळ घालावाच लागतो.

हे काम तंबोरा लावण्यासारखे आहे. खुंटी पिळत राहिल्याने सूर अधिक सुरेल होत नाही. हातोडीचा ताण वाढवला की आरंभी वेग वाढतो. मग तीच वाढ हळूहळू थोडी होत जाते. आणि एका मर्यादेनंतर छर्रा नळीबाहेर पडून गेल्यावरही झडप उघडीच राहते व हवा फुकट जाते. घटत्या प्रत्यायाचा सिद्धांत शिकविण्यास शेतातील खताचे जुने उदाहरण अपुरे वाटत असेल, तर हे नवे उदाहरण हाताशी आहे. ज्याने हे जाणले, त्याच्या बंदुकीत तेवढ्याच हवेत अधिक छर्रे सुटतात आणि ते एकाच जागी लागतात. ज्याने जाणले नाही, तो केवळ अधिक मोठा आवाज विकत घेतो.

शक्तीचा हव्यास किती व्यर्थ आहे, याचा पुरावा खुद्द क्रीडाक्षेत्रच देते. दहा मीटर अंतराच्या एअर रायफल स्पर्धेत लक्ष्याचा मध्यबिंदू केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तेथील बंदुका साधारणपणे साडेसात ज्यूलच्या आसपासच्या असतात. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने २०२२ साली कैरो येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले ते याच प्रकारात. या विद्येचे परमोच्च कौशल्य जर इतक्या अल्प शक्तीवर प्रकट होत असेल, तर घरच्या घरी शक्ती वाढविण्याचा खटाटोप नेमबाजीसाठी असतो, असे म्हणणे कठीण आहे.

आता कायद्याचा विचार करू. ब्रिटनमध्ये १९६८ चा कायदा व १९६९ चे नियम यांनुसार बारा फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल, ही हवेच्या रायफलीची मर्यादा ठरली. तिच्यापुढे गेल्यास पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. स्कॉटलंडने २०१५ च्या कायद्याने त्याहून कमी शक्तीच्या बंदुकांनाही परवाना आवश्यक केला. मर्यादा ओलांडलेली बंदूक प्रमाणपत्रावाचून जवळ असणे हाच अपराध. आपल्याला ठाऊक नव्हते, हा बचाव चालत नाही. येथे एक सूक्ष्म अडचण आहे. ऊर्जा ही वस्तुमान व वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असते. म्हणून वेग दहा टक्क्यांनी वाढला की ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. शिवाय दाबाच्या हवेवर चालणारी बंदूक जड छर्‍याला बहुधा अधिक ऊर्जा देते. समजा, ०.५४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २३५ मीटर वेगाने सुटला. ऊर्जा भरते १५ ज्यूलच्या आत. त्याच बंदुकीतून ०.६७ ग्रॅमचा छर्रा २२३ मीटर वेगाने सुटला, तर ती साडेसोळा ज्यूलच्या पुढे जाते. एका डबीतील छर्‍यांनी निर्दोष ठरलेला मनुष्य दुसऱ्या डबीतील छर्‍यांनी गुन्हेगार ठरू शकतो, आणि वेग मोजणारा क्रोनोग्राफ जवळ नसेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा धोका कायद्याहून निष्ठुर आहे. तीस मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरच्या बुचावर २०० बार दाबाने सुमारे चौदाशे किलो भार पडतो. असे बूच हवा पूर्ण रिकामी न करता सैल करणे, सिलिंडरला भोक पाडणे वा त्याचा आटा कापणे, ही कारागिरी नव्हे. ते आत्मघातकी धाडस आहे. अशा सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरणे तर स्फोटाला निमंत्रण देणे होय. स्प्रिंगचा ताण हा मालकाचा प्रांत असू शकतो. दाब पेलणारे भाग हा नव्हे. ही रेषा कोणत्याही तडजोडीशिवाय पाळली गेली पाहिजे.

मग सर्वच घरगुती जुळणीवर बंदी का घालू नये, असा प्रश्न विचारला जाईल. बंदी घातली तरी स्क्रू फिरणे थांबणार नाही. थांबेल ते मोजमाप. आज जो आपला वेग वहीत टिपतो, तो उद्या वहीच ठेवणार नाही. शिवाय हवेच्या बंदुकीची शक्ती मालकाने हात न लावताही स्थिर राहत नाही. स्प्रिंग शिथिल होते, रबरी वायसर झिजतात, छर्रे बदलतात. ज्याला आपले यंत्र कळते, तोच त्याची मर्यादा जाणतो.

भारतातही हा प्रश्न परका नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हवेच्या बंदुकीसाठी २० ज्यूल ऊर्जा आणि साडेचार मिलिमीटर व्यास ही परवान्याची सीमारेषा मानली. रेषा आखली, हे योग्यच झाले. पण जी मर्यादा सामान्य माणसाला मोजता येत नाही, ती पाळण्याची अपेक्षा त्याच्याकडून कशी करावी? वाण्याच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो, म्हणून गिऱ्हाईक स्वतःचा काटा बरोबर नेत नाही. त्याच न्यायाने प्रत्येक मान्यताप्राप्त नेमबाजी संस्थेत एक क्रोनोग्राफ असावा, तेथे कोणालाही आपली बंदूक हलक्या व जड अशा दोन्ही छर्‍यांनी अल्प शुल्कात तपासून घेता यावी, आणि तपासणीची दिनांकित नोंद त्याला मिळावी. प्रत्येक मालकाने स्वतंत्र उपकरण घेण्यापेक्षा शंभर जणांनी एक वापरणे हे काटकसरीचेही आहे आणि सार्वजनिक सुरक्षिततेचेही.

याने हेतुपुरस्सर मर्यादा ओलांडणारा सुधारणार नाही, हे खरे. त्याच्यासाठी पोलीस व न्यायालये आहेत. परंतु निष्काळजीपणा आणि अपराध यांत आज जो धूसरपणा आहे, तो नाहीसा होईल. मोजण्याची सोय असताना ज्याने मोजले नाही, त्याला मग अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. आणि जो मोजतो, त्याच्या टेबलावरील अवजारांकडे संशयाने पाहण्याचे शेजाऱ्यालाही कारण उरणार नाही.