जाळली, पण तपासली का?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही जा, तोंडात चामखीळ आली की आधी चुना लावतात. मग तुरटी. मग शेजारीण अंजिराचा चीक सुचवते. चुना लावणाऱ्यावर माझा राग नाही, त्याला कुणी शहाणपण सांगितलेलंच नसतं. माझा राग पदवी भिंतीवर टांगून बसलेल्या माझ्याच व्यवसायबंधूंवर आहे. ते गाठ बघतात, ‘काही नाही, साधी चामखीळ’ म्हणतात, कॉटरीने जाळतात आणि पैसे घेतात.

माझ्याकडे रेवदंड्याकडच्या एक मावशी आल्या. वर्षानुवर्षं मशेरी लावणाऱ्या. जिभेच्या कडेला भरत आलेला व्रण. चिठ्ठीवर एकच ओळ : चामखीळ काढली.

“मावशी, काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता का?”

“तुकडा कसला? धूर झाला त्याचा. वास मारत होता नुसता.”

आता मी काय तपासू? गाठ कशी होती, बुडाशी कडक होती का, हे सांगायला तिचा पुरावाच उरला नाही.

तोंडातली खरी चामखीळ बहुधा निरुपद्रवी असते, हे मला मान्य आहे. एचपीव्ही या विषाणूच्या 6 आणि 11 क्रमांकाच्या प्रकारांशी तिचा संबंध बऱ्याचदा सापडतो. टाळूवर, जिभेवर, ओठावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, बारीक देठाची, न दुखणारी गाठ. देठासकट कापली की सहसा परत येत नाही. पण अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट ॲकरमन यांनी 1948 मध्येच एका कर्करोगाचं वर्णन करून ठेवलंय, तो हुबेहूब चामखिळीचं सोंग घेतो. हळू वाढतो, दुखत नाही आणि तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडात रमतो. ज्या पट्ट्यात पहाटे मशेरी आणि दिवसभर पुडी चालते, 2012 पासून गुटखाबंदी असूनही चालते, तिथे नुसत्या डोळ्यांनी ‘साधी’ ठरवणं हा आत्मविश्वास नव्हे, माज आहे.

बरं, करायचं तरी काय असतं? जागा बधिर करायची, गाठ बुडापासून कापायची, फॉर्मालिनच्या बाटलीत टाकायची, नाव लिहायचं, पॅथॉलॉजिस्टकडे धाडायची. गाठ मोठी असेल, बूड रुंद किंवा कडक असेल, तर आधी कडेचा खोल तुकडा घ्यायचा. या सोंगाड्या कर्करोगात वरचा पापुद्रा खरवडून पाठवला तर पॅथॉलॉजिस्टही फसतो. चामखिळी खूप असतील आणि पुन्हा पुन्हा येत असतील, तर एचआयव्हीची चाचणी सुचवायची, तीही नाक न मुरडता.

‘कात्री लागली की कॅन्सर पसरतो’ ही आणखी एक लोणकढी थाप. तिच्या भीतीने माणसं तुकडा काढू देत नाहीत आणि आमच्यातल्या आळशांना आयतं निमित्त मिळतं. टाटा रुग्णालयाचं कर्करोग केंद्र आमच्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. तिथे रुग्ण उशिरा पोचतो तेव्हा गाव त्याच्या व्यसनाला बोल लावतं. आधी कुणी काय जाळून टाकलं, हे विचारतं कोण?

म्हणून कुणी ‘दोन मिनिटांत जाळून टाकतो’ म्हणाला, की आधी फॉर्मालिनची बाटली दाखवायला सांगा. नसेल तर खुर्चीतून उठा.