भट्टीवर बंदी, वायू बाजारात

पुण्या-मुंबईत गेल्या काही वर्षांत बांधल्या गेलेल्या घरांतील फरशी उलटून पाहिली, तर ती बहुधा गुजरातमधील मोरबीची निघेल. भारत हा चीननंतरचा जगातील सर्वात मोठा टाइल उत्पादक देश आहे आणि त्यातील बहुतांश माल या एकाच जिल्ह्यात तयार होतो. याच मोरबीत मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कोळशाच्या गॅसिफायरवर चालणारे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. आरोग्याच्या बाजूने पाहता तो आदेश योग्यच होता, उलट त्याला उशीरच झाला होता. मात्र त्यानंतर सरकारने जे करायला हवे होते ते झाले नाही, आणि त्याचे परिणाम आजही त्या भट्ट्यांभोवती दिसतात.

गॅसिफायर म्हणजे काय, हे समजल्याशिवाय त्या आदेशाचे महत्त्व कळत नाही. टाइल भाजायला साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सियस तापमान लागते. कोळसा थेट जाळला तर राख आणि काजळी चकचकीत थरावर बसते, माल वाया जातो. म्हणून कोळसा अपुऱ्या हवेत तापवून त्यातून वायू काढायचा आणि तो भट्टीत जाळायचा, ही युक्ती. या प्रोड्युसर गॅसमध्ये निम्म्याहून अधिक नायट्रोजन असतो, म्हणजे जळण्याच्या दृष्टीने भरताड. उपयोगाचे घटक दोन, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. यातील दुसऱ्याला वास नाही, रंग नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एखाद्या झडपेतून गळती झाली तर कामगाराला आधी डोकेदुखी जाणवते, मग ग्लानी येते आणि त्याला स्वतःहून बाहेर पडण्याचे भानही उरत नाही.

एवढ्यावर थांबत नाही. हा वायू थंड करताना त्यातून डांबर आणि काळे, उग्र वासाचे पाणी निघते. त्या पाण्यात फिनॉल, अमोनिया आणि सायनाइडची संयुगे असतात. त्यावर प्रक्रिया करणे खर्चिक आणि टँकरने रात्री कुठेतरी ओतणे स्वस्त. परिसरातील शेते, ओढे आणि विहिरी बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत होत्या. धुराड्यातून निघणारा धूर निदान दिसतो, भूजलात उतरलेला फिनॉल दिसत नाही आणि एकदा उतरला की तो काढता येत नाही. लवादाने या तंत्रावरच बोट ठेवले, ते यामुळे.

आदेशानंतर कारखाने नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूकडे वळले. पाइपलाइन होती, बर्नर बदलले गेले, आणि विशेष म्हणजे २०२० मध्ये जागतिक बाजारात द्रवरूप नैसर्गिक वायू कवडीमोल झाला होता. करोनाच्या टाळेबंदीत आशियाई बाजारातील त्याचा भाव दर एमएमबीटीयूला २ डॉलरच्या आसपास घसरला होता. सगळे सुरळीत झाले असे वाटावे, असा तो काळ. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये तोच भाव ८० डॉलरच्या वर गेला. गॅझप्रॉमच्या सिंगापूरमधील कंपनीने ‘गेल’ला करारानुसार द्यायची जहाजे पाठवली नाहीत. ‘गेल’ला खत कारखाने आणि अन्य औद्योगिक ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये मोरबीतील कारखानदारांनी महिनाभर उत्पादन थांबवले. मागणी मंद होती हेही त्यामागचे एक कारण, पण वायूचा भाव हे मोठे कारण होते. परप्रांतातून आलेल्या मजुरांसाठी या बंदचा अर्थ सरळ होता. काम नाही, म्हणून गावाकडची गाडी.

या टंचाईत सरकारने काय केले? देशात निघणाऱ्या स्वस्त वायूचे वाटप केंद्र सरकार ठरवते. त्यात घरगुती नळजोडण्या आणि वाहनांचा सीएनजी यांना पहिला मान आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने शहरांच्या या वाट्यात वाढ केली. गुजरात सरकारने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीएनजी आणि घरगुती वायूवरील मूल्यवर्धित करात १० टक्के कपात जाहीर केली. दोन्ही निर्णय लोकांना दिलासा देणारे होते आणि घरातील चूल आधी पेटावी याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. पण कोळसा सोडून वायूवर येण्याची सक्ती ज्याच्यावर झाली, तो उद्योग या रांगेत कुठेच नव्हता. त्याने आयात वायू घ्यायचा आणि जागतिक बाजार म्हणेल तो भाव द्यायचा.

हे असेच व्हायला हवे होते, असे नाही. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी आग्रा परिसरातील उद्योगांना कोळसा आणि कोक बंद करायला सांगितले, तेव्हा फिरोजाबादच्या काच आणि बांगड्यांच्या भट्ट्यांवर तीच वेळ आली होती. तिथे पाइपलाइनने वायू पोहोचवण्यात आला आणि ताज ट्रॅपेझियम क्षेत्रासाठी देशी वायूचा स्वतंत्र कोटा राखला गेला. फिरोजाबाद काही आदर्श गाव झाले नाही. बांगडीची टोके ज्योतीवर जोडण्याचे काम अजूनही घराघरांत, कोंदट खोल्यांत चालते. तरीही बंदीबरोबर पर्यायी इंधनाची सोय लावणे सरकारला जमते, एवढे तिथे सिद्ध झाले आहे. युरिया कारखान्यांसाठी २०१५ पासून देशी आणि आयात वायूची सरासरी काढून सर्वांना एकच दर लावला जातो, तोही असाच एक मार्ग.

मोरबीने मग स्वतःच वाट शोधली. अनेक कारखान्यांनी आवारात टाक्या बसवून प्रोपेन वापरायला सुरुवात केली. हवेच्या दृष्टीने यात फार बिघडले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तेवढ्याच उष्णतेसाठी कोळशातून साधारण ९५ किलो कार्बन डायऑक्साइड निघत असेल, तर प्रोपेनमधून ६३ आणि नैसर्गिक वायूतून ५६ निघतो. काजळी आणि डांबराचा प्रश्न दोन्हींत जवळपास नाही. धोका निराळा आहे. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तर वर निघून जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो गटारात, खड्ड्यात, तळघरात साचून राहतो आणि ठिणगीची वाट पाहतो. पाइपलाइनच्या जागी शेकडो आवारांत दाबाखालच्या टाक्या आणि रस्त्यावर टँकरांची रांग, हा सुरक्षेचा नवाच हिशेब आहे. शिवाय प्रोपेन हा स्वयंपाकाच्या गॅसचाच एक घटक. देशाला लागणाऱ्या या गॅसचा मोठा हिस्सा आखातातून येतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीत अडचण आली तर घरांसाठी प्रोपेन वळवला जाणार आणि भट्ट्या पुन्हा उघड्यावर पडणार.

प्रोपेनकडे वळण्यामागे भावाखेरीज एक कागदी कारणही आहे. प्रोपेन वस्तू आणि सेवा कराच्या कक्षेत येतो, त्यामुळे इंधनावर भरलेला कर टाइलवरच्या करातून वजा होतो. नैसर्गिक वायू या कक्षेबाहेर आहे, त्यावरचा मूल्यवर्धित कर कारखान्याच्या खर्चातच जमा होतो. म्हणजे २०३० पर्यंत ऊर्जेतील वायूचा वाटा सुमारे ६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेऊ म्हणणारे सरकारच करव्यवस्थेतून वायूला महाग करून ठेवते. महाराष्ट्रालाही हे अनोळखी नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू आटला तेव्हा १,९६७ मेगावॅटचा दाभोळ प्रकल्प ठप्प झाला आणि २०१५ मध्ये रेल्वेसाठी ५०० मेगावॅट वीज देत तो कसाबसा पुन्हा उभा राहिला.

इंधनाच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी झाकली जाते. मोरबीच्या कामगाराच्या फुप्फुसात जाणारी सिलिकाची धूळ भट्टीतून येत नाही. ती कच्चा माल दळताना, वाळवताना आणि साच्यात दाबताना उडते. सिलिकोसिस एकदा जडला की बरा होत नाही, फक्त टाळता येतो. वायू आला म्हणून हा आजार कमी होणार नाही, आणि भाव वाढला की खर्चकपातीची पहिली कुऱ्हाड धूळ शोषणाऱ्या यंत्रणेवर आणि वैद्यकीय तपासणीवर पडते. शेजारच्या राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणले. गुजरातला इंधनासाठी सवलत द्यायचीच असेल, तर ती धूळनियंत्रण आणि छातीच्या क्ष-किरण तपासणीच्या नोंदींशी जोडता येईल. सरकारी पैसा ज्या कारखान्याला मिळतो, त्याच्याकडून एवढा हिशेब मागणे फार नाही.

करापुरते बोलायचे, तर वायू महाग ठेवण्यात राज्यांचाही हात आहे, कारण त्यांना मूल्यवर्धित कराचे उत्पन्न सोडायचे नाही. किरीट पारिख समितीने वायूला वस्तू आणि सेवा कराखाली आणण्याची शिफारस केली. समितीचे किमतीबाबतचे सूत्र केंद्राने काही बदल करून एप्रिल २०२३ मध्ये स्वीकारले, कराचा भाग तसाच राहिला. राज्यघटनेतील तरतुदीनुसार वायूवर हा कर कधीपासून लावायचा, त्या तारखेची शिफारस वस्तू आणि सेवा कर परिषदेने करायची आहे. १ जुलै २०१७ पासून परिषदेच्या कितीतरी बैठका झाल्या, ती तारीख अजून ठरलेली नाही.