‘आक्षेपार्ह’ या शब्दाची जबाबदारी

कोकणात विद्यापीठ म्हटले की एखादी भिंतीआडची वसाहत डोळ्यांसमोर आणून चालत नाही. रत्नागिरीलगतच्या भाट्ये गावात १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. ते आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. त्याच गावातला कला शाखेचा विद्यार्थी मात्र खाडीवरचा पूल ओलांडून रत्नागिरीत येतो आणि मुंबई विद्यापीठाची पदवी घेतो. असे हे विखुरलेले विद्यापीठ आज बांधले जाते ते संगणकांच्या जाळ्याने. प्रवेशअर्ज, निकाल, ग्रंथसूची, शोधनिबंध, सारे त्यातूनच येते-जाते. म्हणून त्या जाळ्याच्या वापराची नियमावली हा केवळ तांत्रिक विभागावर सोपवून मोकळे होण्याचा विषय नव्हे. नियम भाषेत लिहिलेले असतात, आणि भाषा हा आपला, साहित्याच्या अध्यापकांचा, व्यवसाय आहे.

नियमच नकोत, असे कोणी म्हणणार नाही. आपला परवलीचा शब्द दुसऱ्याला देऊ नये, कोणाच्या खात्यात शिरू नये, सहाध्यायिनीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून कोठेही टाकू नये, गुणांच्या नोंदींना हात लावू नये, यांत वाद नाही. वर्गणी भरून घेतलेल्या नियतकालिकांचे अंकच्या अंक यंत्राने उतरवून घेण्याची मनाईही रास्त आहे. कारण तसे घडले की प्रकाशक त्या एका विद्यार्थ्याचा नव्हे, सगळ्या संस्थेचाच प्रवेश थांबवू शकतो. या नियमांचे वैशिष्ट्य असे की त्यांत कृती सांगितलेली आहे. ती केली की नाही, एवढेच तपासायचे असते.

अडचण सुरू होते ती पुढच्या कलमापासून. ‘आक्षेपार्ह’, ‘अनुचित’, ‘संस्थेच्या प्रतिमेस बाधक’ अशा मजकुराला मनाई, अशी वाक्ये या प्रकारच्या पत्रकांत सहज येऊन बसतात. येथे कृती नाहीशी होते आणि उरतो तो वाचणाऱ्याचा कल. आक्षेप कोणाचा, कशाला आणि कोणत्या निकषावर, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात नाही. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने कवितेला ‘छान’ म्हटले तर आपण लगेच विचारतो, छान म्हणजे काय? हाच प्रश्न नियमावलीला विचारायला आपण का कचरतो?

शब्द सैल सुटला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ मध्ये ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ अशा अर्थाचे शब्द होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला अटक झाली, आणि त्या मजकुराला पसंती दर्शवणारीलाही. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्यातील शब्दांची संदिग्धता हे त्याचे एक प्रमुख कारण होते. संसदेने केलेल्या कायद्यात जे टिकले नाही, ते महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर निर्धास्तपणे नांदावे, हे विचित्रच आहे.

आपल्या वाङ्मयेतिहासात याहून जुना दाखला आहे. मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली ते पुन्हा पुन्हा न्यायालयात खेचले गेले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी दंड झालाच. आज तेच मासिक संशोधनाचा विषय आहे. पण त्याचे अंक महाजालावर शोधू पाहणाऱ्या विद्यार्थिनीने जे शब्द टंकावे लागतील, तेच चाळणीच्या निषिद्ध यादीत असण्याचा संभव मोठा.

कारण यंत्राची चाळणी शब्द किंवा वर्ग ओळखते, संदर्भ ओळखत नाही. १९९६ साली इंग्लंडातील स्कनथॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीकडे नोंदणी करता येईना. गावाच्या नावातच एक अश्लील शब्द दडलेला होता! दलित आत्मकथने, लावणी, मंटोवरील खटले शिकवणाऱ्या विभागाला हा विनोद परवडणारा नाही.

यावर प्राचार्यांचे उत्तर ठरलेले असते, आणि ते पोकळ नाही. काही अघटित घडले तर पोलीस संस्थेच्या दारात येतात. पालक जाब विचारतात. शिवाय एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार संगणक-प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. हे सारे मान्य. परंतु नोंद ठेवणे वेगळे आणि ती कोणीही केव्हाही उघडून पाहणे वेगळे. ग्रंथपालाकडे कोणी कोणते पुस्तक नेले याची नोंद असते. म्हणून तो ती स्टाफरूममध्ये वाचून दाखवत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील मोबाइलबंदीविरुद्ध गेलेल्या एका विद्यार्थिनीला न्याय देताना महाजालाचा वापर शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडला, हेही प्राचार्यांनी लक्षात घ्यावे.

कोकणात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात विजेबरोबर मोबाइलचे जाळेही कोलमडले. त्याच वर्षी टाळेबंदीत रेंजसाठी डोंगर चढणारी मुले आपण वर्तमानपत्रांत पाहिली. ज्याच्या घरी चार पर्याय आहेत, त्याला महाविद्यालयातील बंदी जाणवतही नाही. ज्याच्यासाठी संगणक-कक्ष हीच एक खिडकी आहे, त्याच्यासाठी ती बंदी शिक्षणावरच येते. म्हणजे नियम सर्वांना सारखा दिसतो, पण त्याचा भार सारखा नसतो.

तेव्हा मागणी साधी आहे. नियमावली मराठीत असावी. तिच्यात मनाई असेल ती कृतींना, विशेषणांना नव्हे. नोंदी कोण पाहील, कोणाच्या लेखी आदेशाने पाहील, हे तिने सांगावे. अडवलेले स्थळ अभ्यासासाठी खुले करून घेण्याची वाट आणि त्याची मुदत ठरलेली असावी. शिक्षेपूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकले जावे. आणि हे करवून घेण्यासाठी समिती नेमली जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एम.ए.च्या वर्गात आपण सूक्ष्म वाचन शिकवतोच. एका तासाला आपल्याच महाविद्यालयाची नियमावली पाठ्य म्हणून घ्यावी, प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारावी, आणि तो कागद सह्यांनिशी प्राचार्यांकडे पाठवावा.